ॲराकिडॉनिक टाकूनही स्नेअरचा बँड येत नाही? आधी तेल तपासा, मग प्रथिन

"मॅडम, मागच्या महिन्यात सुरेख बँड आला होता. तीच प्रथिनं, तोच बफर, सगळं तेच. आता लेन कोरी." हे वाक्य मी वर्षातून तीन-चारदा तरी ऐकते. (लेन म्हणजे जेलवरची एका नमुन्याची रांग, बँड म्हणजे तिच्यात दिसणारा प्रथिनांचा पट्टा. इथे हवा असतो तो स्नेअर प्रथिनांच्या संकुलाचा.) पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "मन्क-१८ पुन्हा शुद्ध करायला घेतलंय." तिथेच मी हात धरते. मन्क-१८ हे संकुल अडवून धरणारं प्रथिन आहे. ते शुद्ध करण्यात एक आठवडा जातो आणि दहातल्या आठ-नऊ वेळा बिघाड तिथे नसतोच. तो असतो फ्रीझरच्या कोपऱ्यात पडलेल्या छोट्या तपकिरी बाटलीत, म्हणजे ती अडवणूक सोडवायला घातलेल्या ॲराकिडॉनिक आम्ल या तेलकट मेदाम्लात. प्रथिनांची माणसं प्रथिनावर संशय घेतात, कारण ते त्यांनी स्वतः बनवलेलं असतं. मेदाम्ल विकत आणलेलं असतं, म्हणून ते बरोबरच असणार असं धरून चालतात.

खालचा क्रम मी स्वतःच्या आणि इतरांच्या चुकांतून लावला आहे. फुकटच्या तपासण्या आधी, महागड्या नंतर. मधली पायरी गाळू नका.

लक्षणं

यातलं एक किंवा अनेक दिसत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे:

- सिंटॅक्सिन, स्नॅप-२५ आणि सिनॅप्टोब्रेव्हिन ही तीन स्नेअर प्रथिनं एकत्र केली की संकुल बनतं. मन्क-१८ आधी घातलं की बनत नाही. इथवर ठीक. पण ॲराकिडॉनिक आम्ल घातल्यावरही ते बनत नाही.
- सोमवारी बनतं, गुरुवारी नाही.
- मेदाम्लाशिवाय नुसतं इथेनॉल घातलेल्या कंट्रोल (तुलनेच्या) लेनमध्येही बँड दिसतो.
- मात्रा वाढवली की परिणाम वाढण्याऐवजी सगळंच नाहीसं होतं आणि नळीत दुधाळ धुरकटपणा येतो.
- नळीत काम होतं, पेशींवर काहीच होत नाही. किंवा पेशी सरळ मरतात.
- लायपोसोमच्या (लिपिडांच्या कृत्रिम सूक्ष्म पिशव्यांच्या) प्रयोगात, पटलं एक झाल्याची खूण म्हणून मोजतो ती रंगद्रव्याची चमक प्रथिन नसलेल्या नळीतही वाढते.

मुळात काय घडायला हवं

ज्यांना हे पाठ आहे त्यांनी पुढे जावं. चेतापेशीच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) पेशीच्या बाहेरच्या पटलाला चिकटून थांबलेल्या असतात. पुटिकेवर सिनॅप्टोब्रेव्हिन, बाहेरच्या पटलावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. ही तिघं मिळून चार पेडांची वेणी घालतात: सिंटॅक्सिनचा एक पेड, सिनॅप्टोब्रेव्हिनचा एक आणि स्नॅप-२५ चे दोन. वेणी घट्ट होत जाते तशी दोन्ही पटलं एकमेकांवर ओढली जातात आणि शेवटी एक होतात. ही कल्पना १९९३ मध्ये मांडली गेली, वेणीची स्फटिकरचना १९९८ मध्ये दिसली आणि पुटिकांच्या वाहतुकीच्या या सगळ्या कामासाठी रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं.

आता अडचण अशी, की सिंटॅक्सिन बहुतेक वेळ स्वतःशीच घडी घालून बसलेलं असतं आणि मन्क-१८ ती घडी दोन्ही हातांनी दाबून धरतं. घडी मोडल्याशिवाय वेणी सुरू होत नाही. २००५ मध्ये रिकमन आणि डावलेतोव यांनी दाखवलं, की ॲराकिडॉनिक आम्ल घातलं तर मन्क-१८ हजर असतानाही सिंटॅक्सिन वेणीत जायला मोकळं होतं. पुढच्याच वर्षी डारिओस आणि डावलेतोव यांनी ओमेगा-३ आणि ओमेगा-६ मेदाम्लं सिंटॅक्सिन-३ वर काम करून पेशीपटल वाढायला मदत करतात असं दाखवलं. आपण रोज जो प्रयोग लावतो तो याच घराण्यातला.

पेशीत हे मेदाम्ल बाहेरून येत नाही. पटलातल्या फॉस्फोलिपिडांतून ते फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर कापून काढतं. हेच विकर मण्यारीच्या विषातही असतं, चेतातंतूच्या टोकावर नेम धरणाऱ्या रूपात. मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या आधी का जड होतात याचं उत्तर शोधताना विषशास्त्रवाले आणि आपण एकाच गल्लीत येतो.

१. नमुना उकळलात का?

हसू नका. दर दोन वर्षांनी एक जण उकळतो.

पूर्ण विणलेलं स्नेअर संकुल एसडीएसमध्ये (जेलसाठी प्रथिनं उलगडणाऱ्या डिटर्जंटमध्ये) तुटत नाही, हीच तर आपल्या प्रयोगाची सोय. पण उकळलं की तुटतं. हाताला सवय अशी, की सँपल बफर घातला की नळी ९५ अंशांच्या ब्लॉकवर जाते. मग संकुल सुटतं, तिन्ही प्रथिनं आपापल्या जागी दिसतात आणि "बँड नाही" असा निष्कर्ष निघतो.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक खोलीच्या तापमानाला, एक उकळून, शेजारशेजारच्या लेनमध्ये. यामागे दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. पटलात रुतणारे तुकडे कापून वापरलेल्या प्रथिनांचं संकुल जेलवर ६०-७० किलोडाल्टनच्या आसपास धावतं आणि मन्क-१८ स्वतः साधारण ६८ किलोडाल्टनचं आहे. कूमासीने रंगवलेल्या जेलवर या दोघांची गल्लत होणं अगदी सोपं. उकळल्यावर जो बँड गेला तो संकुलाचा, जो राहिला तो मन्क-१८ चा. मी एकदा एका पोस्टरवर मन्क-१८ च्या बँडला बाण लावून "स्नेअर संकुल" लिहिलेलं पाहिलं आहे. सांगितलं तेव्हा बिचाऱ्याने बाण खोडला, पोस्टर तसंच ठेवलं. खात्री हवी असेल तर स्नॅप-२५ च्या अँटिबॉडीने ब्लॉट करा, वाद मिटतो.

याच पायरीवर आणखी एक: बफरमध्ये पोटॅशियम क्लोराइड जास्त असेल तर एसडीएस घातल्यावर पांढरा साका बसतो. तो मेदाम्लाचा नाही, पोटॅशियम आणि एसडीएसमधल्या डोडेसिल सल्फेटचा आहे. त्या प्रयोगापुरतं सोडियम वापरा.

२. बाटली बाहेर काढा आणि वास घ्या

इथे मी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक कोडी इथेच सुटतात.

ॲराकिडॉनिक आम्ल म्हणजे वीस कार्बनची साखळी आणि तिच्यात चार दुहेरी बंध. दर दोन दुहेरी बंधांच्या मध्ये एक असा कार्बन असतो, की त्याच्यावरचा हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनच्या नादाने सहज सुटतो. ॲराकिडॉनिकमध्ये अशा तीन जागा, लिनोलेइकमध्ये एक, ओलेइकमध्ये एकही नाही, माशाच्या तेलातल्या डीएचएमध्ये पाच. ज्याच्यात अशा जागा जास्त ते लवकर खवट होतं. घरी जवसाची चटणी शेंगदाण्याच्या चटणीच्या कितीतरी आधी वास मारते, त्याचं कारण हेच. (गंमत म्हणजे ॲराकिडॉनिक हे नाव शेंगदाण्याच्या शास्त्रीय नावावरून आलेल्या ॲराकिडिक आम्लाचं नातेवाईक आहे, पण शेंगदाण्यात ॲराकिडॉनिक नसतं. बाजारचं शेंगदाणा तेल आणून प्रयोग करता येईल का असं मला एकाने विचारलं होतं, म्हणून सांगितलं.)

ताजं ॲराकिडॉनिक आम्ल बिनरंगी ते जेमतेम पिवळसर तेल असतं. उणे ४९ अंशांपर्यंत ते गोठत नाही, त्यामुळे उणे २० च्या फ्रीझरमधून काढल्यावर ते पातळच असायला हवं. पिवळंजर्द झालं असेल, दाट झालं असेल किंवा झाकण उघडताच जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर पुढचं काही न वाचता नवी बाटली मागवा.

पण बाटली दिसायला ठीक आहे म्हणजे ती ठीक आहे असं नाही. तिचा इतिहास विचारा. कधी उघडली? किती वेळा? उघडताना फ्रीझरमधून काढून लगेच झाकण काढलं का? पावसाळ्यात पुण्यात थंड बाटली उघडली की आत दव जमतं. फ्रीझर कोणाचा आहे, शनिवार-रविवारी वीज गेली होती का? आमच्याकडे एका मुलीने सहा आठवडे घालवून मन्क-१८ चार वेळा नव्याने बनवलं. शेवटी कळलं की मेदाम्ल ज्या फ्रीझरमध्ये होतं तो जनरेटरच्या लाइनवर नव्हताच. प्रथिनं मात्र उणे ८० मध्ये सुखरूप होती.

सीलबंद काचेची ॲम्प्युल आली की त्याच दिवशी सगळी वाटून टाका. निर्जल इथेनॉलमध्ये स्टॉक करा, छोट्या काचेच्या व्हायलमध्ये ५० मायक्रोलिटरचे भाग घाला, वर नायट्रोजन किंवा अरगॉनची झुळूक द्या, टेफ्लॉन लावलेलं झाकण घट्ट करा, उणे ८० ला ठेवा. एक व्हायल एकदाच उघडायची. उरलेलं परत ठेवायचं नाही. महाग वाटतं, पण सहा आठवड्यांच्या मन्क-१८ पेक्षा स्वस्त आहे.

३. गणित पुन्हा करा

दोन मिनिटांचं काम आहे. ॲराकिडॉनिकचा रेणुभार ३०४.५. म्हणजे १०० मिलिमोलर स्टॉक म्हणजे मिलिलिटरला साधारण ३०.५ मिलिग्रॅम. १० मिलिग्रॅमची बाटली असेल तर ३२८ मायक्रोलिटर इथेनॉल.

घोटाळा होतो तो तयार द्रावणाच्या बाटलीवर. तिच्यावर "१० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर" लिहिलेलं असतं आणि माणूस ते १० मिलिमोलर म्हणून वाचतो. प्रत्यक्षात ते ३२.८ मिलिमोलर असतं, म्हणजे नळीत तिपटीहून जास्त मेदाम्ल. मग "मात्रा वाढवली की सगळं नाहीसं होतं" हे लक्षण अगदी पहिल्याच मात्रेला दिसू लागतं.

४. इथेनॉल कंट्रोल आणि घालायचा क्रम

१०० मिलिमोलर स्टॉक हजारपट पातळ केला तर नळीत १०० मायक्रोमोलर मेदाम्ल आणि ०.१ टक्का इथेनॉल येतं. हे चालतं. पण स्टॉक पातळ असेल आणि तीच मात्रा गाठायला दोन-तीन टक्के इथेनॉल जात असेल, तर इथेनॉललाही बोलायचा हक्क मिळतो. प्रत्येक मात्रेच्या लेनमध्ये इथेनॉल सारखंच ठेवा आणि नुसत्या इथेनॉलची लेन कधीही गाळू नका.

क्रम: आधी मन्क-१८ आणि सिंटॅक्सिन एकत्र, त्यांना जुळायला वेळ, मग मेदाम्ल, मग स्नॅप-२५ आणि सिनॅप्टोब्रेव्हिन. मन्क-१८ उशिरा घातलं तर वेणी आधीच सुरू झालेली असते आणि इथेनॉलच्या लेनमध्येही बँड येतो. "कंट्रोलमध्ये बँड" या तक्रारीचं मूळ मला निम्म्या वेळा या क्रमातच सापडलं आहे.

५. पाणी आणि बफर

बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. तो थर म्हणजे मेदाम्लाचा कॅल्शियम क्षार. आपल्या नळीतही तेच घडतं. चेतापेशींच्या प्रयोगात कॅल्शियम घालायची सवय असते, कारण पेशीत पुटिका फुटायला कॅल्शियम लागतं. पण शुद्ध प्रथिनांच्या या वेणीला ते लागत नाही, आणि मिलिमोलरमध्ये घातलेलं कॅल्शियम मेदाम्लाला साका बनवून बाजूला बसवतं. मॅग्नेशियमही थोडंफार तसंच वागतं. पहिली चाचणी कॅल्शियम न घालता, कॅल्शियम धरून ठेवणारं थोडं ईडीटीए घालून करा. बँड परत आला तर कारण मिळालं.

पीएचही पाहा. तो खाली गेला की मेदाम्लाचा भारित अंश कमी होतो आणि ते थेंबांच्या रूपात वेगळं व्हायला लागतं. ट्रिसचा बफर खोलीत ७.४ ला बसवून थंड खोलीत नेला की पीएच वर जातो, हेही विसरू नका. मी हेपेस बफर वापरते आणि वाद टाळते.

६. प्लास्टिक

मेदाम्लाला पाण्यात राहायचं नसतं. पॉलिप्रोपिलीनची भिंत समोर दिसली की ते तिला चिकटतं. पातळ द्रावण प्लास्टिकच्या नळीत तासभर ठेवलं तर शेवटच्या लेनमध्ये पहिल्या लेनइतकं मेदाम्ल नसतं. मधले पातळ टप्पे काचेत करा, पाण्यात नव्हे तर इथेनॉलमध्ये करा आणि पाण्यात नेल्यावर लगेच वापरा.

७. अल्ब्युमिन: लपलेला स्पंज

ही माझी आवडती तपासणी. कारण यात कोणाचीच चूक नसते. उलट काळजीपूर्वक काम करणारीच यात सापडतात.

जीएसटी (मण्यांना चिकटणारं प्रथिन) लावलेलं सिंटॅक्सिन मण्यांवर बांधून प्रयोग करणारे लोक भलतं काही चिकटू नये म्हणून मणी अल्ब्युमिनने झाकतात. बाकी कुठल्याही प्रयोगात ही चांगली सवय आहे. पण रक्तात मेदाम्लं वाहून नेणं हेच अल्ब्युमिनचं मूळ काम. एका रेणूवर सात-एक मेदाम्लं बसतात. ०.१ टक्का अल्ब्युमिन म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १५ मायक्रोमोलर. गुणाकार करा: ते शंभरेक मायक्रोमोलर मेदाम्ल गिळू शकतं. तुम्ही घातलंच होतं १०० मायक्रोमोलर. सिंटॅक्सिनच्या वाट्याला काय उरलं?

पेशींवर काहीच परिणाम दिसत नाही, याचंही पहिलं कारण हेच. माध्यमात दहा टक्के सीरम असतं आणि सीरम म्हणजे अल्ब्युमिनचा साठा. प्रयोगापुरतं सीरम काढा. पण सीरम काढलेल्या पेशींना तीच मात्रा एकदम जड जाते आणि त्या मरतात, म्हणून मात्रा खाली आणून सुरुवात करा. किंवा मेदाम्लमुक्त अल्ब्युमिनवर मेदाम्ल ठरावीक प्रमाणात बसवून द्या. मग निदान किती दिलं ते सांगता येतं.

८. डिटर्जंट

पूर्ण लांबीचं सिंटॅक्सिन वापरत असाल तर ते डिटर्जंटमध्येच शुद्ध केलेलं असणार. ट्रायटन एक्स-१०० साधारण ०.२ ते ०.३ मिलिमोलरच्या वर गेलं की गोळे बांधतं आणि मेदाम्ल त्या गोळ्यांत विरघळून बसतं. प्रथिनाला ते भेटतच नाही. शिवाय डिटर्जंट स्वतःही सिंटॅक्सिनच्या घडीवर परिणाम करू शकतं आणि मग कुणामुळे काय झालं ते सांगता येत नाही. ऑक्टिल ग्लुकोसाइडचा गोळे बांधायचा उंबरठा बराच वर, २० मिलिमोलरच्या पुढे आहे आणि ते डायलिसिसने निघतं. ट्रायटन मात्र डायलिसिसने नीट निघत नाही. "रात्रभर डायलिसिस केलंय" असं सांगणाऱ्यावर मी या बाबतीत विश्वास ठेवत नाही. शक्य असेल तर पहिला प्रयोग पटलात रुतणारा तुकडा कापलेल्या, डिटर्जंटविना विरघळणाऱ्या सिंटॅक्सिनवर करा.

९. मात्रेची पायरी लावा

एकाच मात्रेवर निकाल काढू नका. मी ०, १०, २५, ५०, १००, २०० मायक्रोमोलर अशी पायरी लावते. निरोगी प्रयोगात बँड हळूहळू चढतो. वरच्या टोकाला पडला तर मेदाम्ल गोळे बांधतंय आणि साबणासारखं वागतंय असं समजा. त्या भागातला निकाल प्रथिनाबद्दल काही सांगत नाही. नळी उजेडासमोर धरा. धुरकट दिसली तर ती मात्रा वहीत लिहा आणि बाद करा.

तुलनेसाठी कोणतं मेदाम्ल घ्यायचं? बहुतेक जण वीस कार्बनचंच, पण संपृक्त ॲराकिडिक घेतात आणि काही झालं नाही की खूश होतात. पण ॲराकिडिक ७५ अंशांना वितळतं. ३७ अंशांच्या पाण्यात ते विरघळलेलंच नसतं. तुमचा कंट्रोल तळाशी बसलेला आहे आणि तुम्ही म्हणता "दुहेरी बंध लागतात". बरोबर असेलही, पण या प्रयोगाने ते सिद्ध होत नाही. ओलेइक त्या मानाने प्रामाणिक कंट्रोल आहे, मात्र बर्फावर नको. ओलेइक १३-१४ अंशांखाली गोठतं.

१०. थोडा खर्च: २३४ नॅनोमीटर

बाटलीवर अजून संशय असेल तर आता यंत्रापाशी जा. ताज्या ॲराकिडॉनिकचे दुहेरी बंध एकमेकांपासून सुटे असतात, त्यामुळे २३४ नॅनोमीटरला ते जवळजवळ काहीच शोषत नाही. हवेने खाल्लं की बंध सरकून शेजारी येतात आणि तिथे शोषण उगवतं. इथेनॉलमध्ये १०० मायक्रोमोलर द्रावण घ्या, क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये मोजा. प्लास्टिकची क्युव्हेट या तरंगलांबीला स्वतःच अपारदर्शक असते. अशा सरकलेल्या जोडीचा शोषणगुणांक २५,००० च्या आसपास धरला तर ०.२५ वाचन म्हणजे दहातला एक रेणू बिघडलेला. आमच्याकडे ०.१ च्या वर गेलेली व्हायल कचऱ्यात जाते. हा आमचा घरचा नियम आहे, विज्ञानाचा नाही.

क्वार्ट्झ नसेल तर सिलिकाच्या पट्टीवर टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) करा आणि आयोडीनच्या वाफेत धरा. ताज्याचा एक स्वच्छ ठिपका दिसतो. बिघडलेल्याची खाली आरंभापाशी शेपटी ओढलेली दिसते.

११. आता प्रथिन

इथवर सगळं निर्दोष निघालं तरच. तीन प्रश्न विचारा. मन्क-१८ शिवाय वेणी होते का? होत नसेल तर मेदाम्लाचा विषयच नाही, स्नेअरपैकी कोणीतरी आजारी आहे. बहुतेकदा स्नॅप-२५, ज्याचं शेपूट तुटतं किंवा ज्याच्या मधल्या सिस्टीन या अमिनो आम्लांमध्ये भलते बंध जुळतात. असे बंध तोडणारं ताजं डीटीटी घाला. (पेशीत याच चार सिस्टीनांवर पामिटिक आम्ल बसवून स्नॅप-२५ पटलाला टांगलेलं असतं. जिवाणूत बनवलेल्या प्रथिनावर ते नसतं. मेदाम्लाचं हे दुसरं, कायमच्या बंधाचं नातं आहे, त्याची गल्लत आपल्या प्रयोगाशी करू नका.)

मन्क-१८ घातल्यावर वेणी खरंच थांबते का? थांबत नसेल तर मन्क-१८ सिंटॅक्सिनपेक्षा कमी पडतंय किंवा त्यातला बराच भाग मेलेला आहे. जेलवर बँड जाड दिसतो म्हणजे प्रथिन जिवंत आहे असं नाही. ते जेल फिल्ट्रेशनवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या स्तंभावर) टाका, सुरुवातीलाच गठ्ठा बाहेर पडला तर ते गुठळ्या झालेलं आहे.

तिसरा: घडी न घालू शकणारं "उघडं" सिंटॅक्सिन, म्हणजे १६५ आणि १६६ क्रमांकाची दोन अमिनो आम्लं बदललेला प्रकार, शेजारी ठेवा. मेदाम्लाशिवायही त्याची वेणी नेहमीच्या सिंटॅक्सिनपेक्षा सहज होत असेल तर बाकी साहित्य ठीक आहे.

१२. लायपोसोमवाल्यांसाठी इशारा

लायपोसोममध्ये मेदाम्ल घातलं की ते प्रथिनाआधी पटलात शिरतं. तिथे ते स्वतःच वाकण घडवतं. वाकड्या साखळीची मेदाम्लं बाहेरच्या थरात बसली की दोन पटलांची अर्धी जोडणी सोपी होते, लायसोलिपिडं (एक साखळी गमावलेली लिपिडं) नेमकं उलट करतात. म्हणजे चमक वाढली ती सिंटॅक्सिन मोकळं झालं म्हणून की पटलच लवचीक झालं म्हणून, हे नुसत्या आलेखावरून कळत नाही. त्यातच मेदाम्लाने लायपोसोम फोडले तर रंगद्रव्यं पांगतात आणि एकीकरण न होताही चमक वाढते. प्रथिनविरहित लायपोसोम, एका बाजूचं स्नेअर गाळलेले लायपोसोम आणि आतला रंग गळतोय का याची स्वतंत्र चाचणी, हे तीन कंट्रोल नसतील तर मी असा आलेख वाचतही नाही.

कुठे थांबायचं

नव्या सीलबंद ॲम्प्युलचं मेदाम्ल, दोन स्वतंत्र वेळा बनवलेलं प्रथिन, अल्ब्युमिन नाही, कॅल्शियम नाही, आणि तरीही बँड नाही: अशा तीन फेऱ्या झाल्या की दुरुस्ती बंद करा. तो आता बिघाड नाही, निकाल आहे. तो घेऊन मार्गदर्शकांकडे जा.

मेदाम्लाचं नक्की काय झालंय, पेरॉक्साइड किती, कुठल्या कार्बनवर, हे हवं असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या सुविधेकडे नमुना द्या. घरगुती रंगचाचण्यांवर शोधनिबंध लिहू नका. नमुना सुक्या बर्फावर आणि नायट्रोजनखाली पाठवा, नाहीतर प्रवासात झालेला बिघाडच मोजून येईल. प्रथिनाची घडी मोडली आहे का हे सर्क्युलर डायक्रोइझम किंवा एनएमआर करणाऱ्यांना विचारा. जिवंत पेशीत तर सायक्लोऑक्सिजिनेज आणि लायपोऑक्सिजिनेज ही विकरं तुमचं ॲराकिडॉनिक बघता बघता दुसऱ्याच रेणूंत बदलतात. परिणाम मूळ मेदाम्लाचा की त्या लेकरांचा, हे लिपिडचा अनुभव असलेल्या माणसाशिवाय ठरवू नका. आणि चेतापेशीतून रसायन सुटतंय की नाही हे मोजायचं असेल तर पॅच क्लॅम्प (पेशीच्या पटलातला विद्युतप्रवाह मोजणारं तंत्र) करणारा माणूस शोधा. ते यंत्र एका आठवड्यात शिकून होत नाही, मी प्रयत्न केला आहे.

या विषयावर काम करते म्हटलं की नातेवाईक विचारतात, माशाच्या तेलाच्या गोळ्या घेऊ का, आजीची स्मरणशक्ती सुधारेल का. नळीतल्या १०० मायक्रोमोलरवरून आजीचा डोस काढता येत नाही. त्यांना डॉक्टरांकडे पाठवा.

ज्यांच्याकडे बँड अजून येत नाही त्यांनी खाली लिहिताना एवढं द्या: बाटली उघडल्याची तारीख, स्टॉक कशात आहे, बफरचा पूर्ण मजकूर, अल्ब्युमिन आहे का, आणि उकळलेल्या व न उकळलेल्या लेनचा न कापलेला फोटो.